आरोग्याची आकडेवारी आणि दलित वस्ती

एखाद्या वस्तीतील बालमृत्यूंचा, नासलेल्या पाण्याचा किंवा कायम कुलूप असलेल्या उपकेंद्राचा प्रश्न घेऊन आपले कार्यकर्ते जिल्ह्याच्या कचेरीत जातात, तेव्हा त्यांच्यापुढे बहुधा एक आकडा ठेवला जातो. जिल्ह्याचा अर्भक मृत्युदर अमुक इतका आहे, तो राज्याच्या सरासरीहून कमी आहे, लसीकरण शंभर टक्क्यांच्या जवळ आहे, असे सांगितले जाते. निवेदन ठेवून घेतले जाते, चहा पाजला जातो आणि चर्चा संपते. कार्यकर्त्याजवळ अनुभव असतो, अधिकाऱ्याजवळ आकडा असतो. ह्या सामन्यात अनुभव हरतो, कारण तो आकडा कोठून आला, कोणी मोजला, कोणाला मोजले आणि कोणाला वगळले, हे विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. 'सरकारी आकडे खोटेच असतात' असे म्हणून तावातावाने उठून येणारेही थोडे नाहीत. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण सगळे आकडे एका भांड्यातले नसतात आणि काही आकडे तर शासनाच्याच विरुद्ध साक्ष देतात. कोणती साक्ष कोठे मिळते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. महाराष्ट्रापुरता हा विचार येथे करावयाचा आहे.

संख्येचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९११ च्या जनगणनेत हिंदूंची मोजणी करताना अस्पृश्य कोण हे ठरविण्यासाठी दहा कसोट्या लावण्यात आल्या होत्या. ब्राह्मण पुरोहित मिळतो की नाही, देवळात आत जाता येते की नाही, स्पर्शाने विटाळ होतो की नाही, अशा त्या कसोट्या होत्या. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि अनटचेबल्स' ह्या ग्रंथात त्यांची चर्चा केली आहे. पुढे १९३२ साली मताधिकाराचा विचार करणारी लोथियन समिती आली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. संख्येवर प्रतिनिधित्व अवलंबून राहणार असे दिसताच निरनिराळ्या प्रांतांतील सवर्ण पुढारी 'आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच' असे सांगू लागले. कालपर्यंत पाणवठ्यावर ज्यांना लांबून ओळखून हाकलले जात होते, ते कागदावर एकाएकी दिसेनासे झाले! बाबासाहेबांना ह्या प्रश्नावर स्वतंत्र टिपण द्यावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या जनगणनेतून जातींचे तक्ते गाळण्यात आले, तेव्हा १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिताना त्यांनी त्या निर्णयाचा खरपूस समाचार घेतला. मोजले जाणे हा हक्काचा पहिला टप्पा आहे, हे त्यांनी जितके ओळखले होते तितके आपल्या चळवळीने पुढे ओळखलेले दिसत नाही.

जनगणनेपासूनच सुरुवात करू. ती रोगाविषयी किंवा मृत्यूच्या कारणाविषयी काही सांगत नाही. पण कोणताही दर हा अपूर्णांक असतो. वर मृत्यू किंवा आजारी माणसे, खाली एकूण माणसे. खालचा आकडा जनगणना पुरविते. गावागावातील अनुसूचित जाती-जमातींची संख्या तिच्यातून मिळते. त्यांच्या घरात पाणी कोठून येते, संडास आहे की नाही, चूल कशावर पेटते, हेही वेगळ्या तक्त्यांतून मिळते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती आणि तीत अनुसूचित जातींचे लोक १,३२,७५,८९८ म्हणजे ११.८ टक्के होते. हे आकडे आता शिळे झाले आहेत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. तरी आजही अनेक योजनांचे हिशेब त्याच पायावर चालतात.

हा पायादेखील कसा हलतो ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९७१ साली ६ टक्के होते, १९८१ साली ७.१ टक्के झाले आणि १९९१ साली एकदम ११.१ टक्के झाले. नुसता तक्ता पाहणाऱ्या माणसाला वाटेल की दलितांनी दहा वर्षांत लोकसंख्येचा उच्चांक केला! असे बोलणारे लोक आपल्याला भेटतातही. खरे कारण कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे मुळात हिंदूंनाच अनुसूचित जातीत धरले जात होते. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. १९५१ साली महाराष्ट्राच्या प्रदेशात २,४८७ बौद्ध होते, ते १९६१ साली २७,८९,५०१ झाले. आणि तेवढे सारे लोक अनुसूचित जातीच्या रकान्यातून बाहेर पडले. त्यांची वस्ती तीच होती, विहीर तीच होती, मजुरी तीच होती. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, म्हणून १९९१ चा आकडा उसळला. म्हणजे १९६१ पासून १९८१ पर्यंत महाराष्ट्रातील 'अनुसूचित जाती' ह्या नावाखाली जी आकडेवारी छापली गेली, तिच्यात पूर्वाश्रमीच्या महार समाजाचा फार मोठा भाग नाहीच. त्या काळातील साक्षरतेची वा घरांची तुलना आजच्या आकड्यांशी करणाऱ्या प्रबंधकारांनी हे आधी ध्यानात घ्यावे. आदिवासींच्या बाबतीतही असेच झाले. १९७६ साली क्षेत्रबंधन उठले आणि महाराष्ट्रातील त्यांचे प्रमाण १९७१ च्या ५.९ टक्क्यांवरून १९८१ साली ९.२ टक्क्यांवर गेले.

भटक्या-विमुक्तांची कथा ह्याहून वेगळी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची रोज हजेरी घेतली जात होती, तो कायदा १९५२ साली रद्द झाल्यानंतर स्वतंत्र भारताने त्यांची अखिल भारतीय पातळीवर एकदाही वेगळी मोजदाद केली नाही. रेणके आयोगाचा अहवाल २००८ साली आला, त्यानंतर इदाते आयोग झाला. दोन्ही आयोगांना अंदाजावर काम भागवावे लागले. पालात जन्मलेल्या मुलांपैकी किती जगतात हे सांगणारा एकही अधिकृत तक्ता नाही. २०११ साली सामाजिक, आर्थिक व जातवार पाहणी झाली, पण तिच्यातील जातींची माहिती प्रसिद्ध झाली नाही. महाराष्ट्र शासनाने ती मागितली तेव्हा, त्या पाहणीत ४६ लाखांहून अधिक जातनावे नोंदली गेली असून माहिती चुकांनी भरलेली आहे, असे केंद्राने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. एवढे पैसे खर्च करून चुका मोजल्या गेल्या असे समजावयाचे.

आता जन्म-मृत्यूच्या नोंदीकडे वळू. हा सर्वांत जुना आणि आपल्या सर्वांत जवळचा झरा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा. गावात ही नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात होते, शहरात नगरपालिकेत. साऱ्या राज्याची बेरीज पुण्याच्या आरोग्य माहिती व जीवनविषयक आकडेवारीच्या कार्यालयात होते. एकवीस दिवसांच्या आत खबर द्यावयाची असते. नोंदीच्या नमुन्यात आईचे वय, शिक्षण, बाळंतपण कोणी केले, कुटुंबाचा धर्म कोणता, असे प्रश्न आहेत. जात विचारलेली नाही. त्यामुळे ह्या नोंदीतून गावाचे मरण कळते, वस्तीचे कळत नाही. ह्यात एक विसंगती आहे. जुन्या काळी गाव नमुना नंबर १४ मध्ये आणि विदर्भाकडील कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदीबरोबर जात लिहिली जात असे. आज जातपडताळणीसाठी आपली पोरे त्याच पिवळ्या पडलेल्या पानांची नक्कल मिळविण्यासाठी तहसिलीत खेटे घालतात. ज्या नोंदीने आजोबाच्या जन्माची जात ठेवली, तीच नोंद नातवाच्या मरणाची जात ठेवत नाही. आणि बलुतेदारीत मयताचा सांगावा गावोगाव पायी पोहोचविण्याचे काम महाराचे होते, हेही येथे आठवते.

शिवाय मृत्यूची नोंद झाली म्हणजे मृत्यूचे कारण कळले असे नाही. नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू देशात २०२० साली २२.५ टक्केच होते. जो दवाखान्यात मेला त्याचेच कारण कळते. जो घरी, शेतात, फडावर किंवा रस्त्यात मेला, तो नुसता मेला. कोणत्या समाजाची माणसे घरी मरतात आणि कोणत्या समाजाची दवाखान्यात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. म्हणून 'मृत्यूची प्रमुख कारणे' असा तक्ता पाहताना तो कोणाच्या मृत्यूंचा आहे हे प्रथम विचारावे.

नोंदणी अपुरी असल्यामुळे शासनाने दुसरी पद्धत काढली, ती नमुना नोंदणी पद्धत. प्रायोगिक स्वरूपात ती १९६४-६५ साली सुरू झाली आणि १९६९-७० पासून देशभर रुजली. निवडक गावांत व शहरी विभागांत राहणारा एक स्थानिक माणूस, पुष्कळदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी बाहेरचा निरीक्षक येऊन घरोघर स्वतंत्रपणे विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवून पाहतात आणि जी नोंद एकीत आहे व दुसरीत नाही, तिची पुन्हा प्रत्यक्ष जाऊन खात्री करतात. एकाने लपविले वा एकाकडून निसटले तर दुसऱ्याने पकडावे, ही ह्या पद्धतीची युक्ती होय. आपल्या देशातील आकडेवारीच्या साऱ्या कारभारात ही मला सर्वांत प्रामाणिक युक्ती वाटते. २०२० साली महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६ आणि देशाचा २८ होता, हा आकडा ह्या पद्धतीतून आलेला आहे. परंतु ती राज्यापर्यंत येऊन थांबते. ग्रामीण, शहरी, मुलगा, मुलगी असा भेद ती दाखविते. जिल्हा दाखवित नाही, आणि अर्भक मृत्युदर जातवार छापत नाही.

जात दिसते ती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्याकडे हे काम असते. पहिली फेरी १९९२-९३ साली झाली, पाचवी २०१९-२१ साली. येथे घरोघर जाऊन आईला तिच्या प्रत्येक बाळंतपणाविषयी विचारतात, मुलांचे वजन घेतात, उंची मोजतात, बोटातून रक्त घेऊन पंडुरोग तपासतात. घर अनुसूचित जातीचे, जमातीचे, इतर मागासांचे की अन्य, ही नोंद घेतात. धर्माच्या रकान्यात बौद्ध-नवबौद्ध असा एक वेगळा गट असतो. पाचव्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३५ मुलांची वाढ खुंटलेली होती आणि ३६ मुलांचे वजन कमी होते. चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, देशपातळीवर अनुसूचित जातींचा अर्भक मृत्युदर ४५, जमातींचा ४४, इतर मागासांचा ४२ आणि 'अन्य' लोकांचा ३२ निघाला. दर हजारी हे तेरा जादा मृत्यू कोणत्याही जंतूने जात विचारून घडविलेले नाहीत. आरोग्याला जात नसते असे म्हणणाऱ्या डॉक्टर मंडळींसमोर हा तक्ता शांतपणे ठेवावा.

पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २३ आला आणि नमुना नोंदणीत १६, मग खरा कोणता, असे विद्यार्थी विचारतात. दोन्ही खरे असू शकतात. नमुना नोंदणी एका वर्षाचा दर देते. कुटुंब पाहणी मागील पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांचा हिशेब करते, आणि दर खाली येत असेल तर पाच वर्षांची सरासरी वरचीच राहणार. नमुनेही वेगळे, विचारण्याची रीतही वेगळी. म्हणून एका स्रोताचा जुना आकडा व दुसऱ्या स्रोताचा नवा आकडा शेजारी ठेवून 'प्रगती' दाखविण्याचा प्रकार कोणी केला, तर तो जागीच पकडला पाहिजे. तसा प्रकार आपल्या बाजूनेही होऊ नये.

आता मुख्य अडचणीकडे येतो. जिल्हा पाहिजे तर जात मिळत नाही आणि जात पाहिजे तर जिल्हा मिळत नाही. कुटुंब पाहणीच्या जिल्हा पत्रकांत जातवार आकडे नसतात, अर्भक मृत्युदरही नसतो. हा कट आहे असे मानण्याचे कारण नाही. हिशेब करून पाहावा. पाचव्या फेरीत एका जिल्ह्यात नऊशेच्या आसपास घरे घेतली होती. त्यांत बारा टक्के अनुसूचित जातींची धरली तर शंभरावर घरे, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे माणसे. एवढ्या माणसांत पाच वर्षांत तीस-पस्तीस जन्म होतील. हजारी तीस मुले दगावत असतील, तर तीस-पस्तीस जन्मांत एक मृत्यू येईल. कदाचित दोन येतील, कदाचित एकही नाही. एका मृत्यूवर दर मांडता येत नाही. मग कचेरीत जिल्ह्याचा म्हणून जो अर्भक मृत्युदर सांगितला जातो, तो कोठून येतो? तो नमुना नोंदणीतून येत नाही, कुटुंब पाहणीच्या पत्रकातूनही येत नाही. तो आरोग्य खात्याच्या स्वतःच्या मासिक अहवालांतून येतो. म्हणजे ज्या खात्याच्या कामाची परीक्षा घ्यावयाची, त्याच खात्याने स्वतःच्या वहीतून काढलेला तो गुण असतो. हा एक प्रश्न विचारण्यास आपले कार्यकर्ते शिकले तरी पुष्कळ काम होईल: 'साहेब, हा आकडा कोणत्या स्रोताचा?'

महाविद्यालयातील शिक्षकांना व एम.ए.च्या विद्यार्थ्यांना येथे एक काम करण्यासारखे आहे. कुटुंब पाहणीची मूळ घरनिहाय माहिती, नावे काढून, अभ्यासकांना अर्ज केल्यावर विनामूल्य मिळते. एका जिल्ह्याचा नमुना अपुरा पडतो, पण मराठवाड्याचे आठ जिल्हे एकत्र केले तर सात हजारांच्या घरात कुटुंबे होतात. विदर्भाचे अकरा एकत्र केले तर त्याहून जास्त. वाढ खुंटलेली मुले, पंडुरोगी स्त्रिया, दवाखान्यातील बाळंतपणे ह्यांचे जातवार चित्र तेवढ्यातून निघू शकते. भारांक वापरावे लागतात, ते शिकता येते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आरोग्य फेऱ्यांचेही असेच आहे. २००४, २०१४ आणि २०१७-१८ च्या फेऱ्यांत आजारपणावर घरचे किती पैसे गेले आणि त्यासाठी कर्ज काढले की काही विकले, हे जातगटासह विचारलेले आहे. महाराष्ट्रात ह्या पाहणीला राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचा जोडनमुनाही असतो. हेच संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढते आणि जिल्ह्यांची सामाजिक व आर्थिक समालोचनेही काढते. ही समालोचने चाळावीत, पण त्यांतील आरोग्याची पाने म्हणजे बहुतांशी दवाखान्यांची व खाटांची मोजणी होय.

एका आकड्याविषयी सावध करावेसे वाटते, कारण तो आपल्या व्यासपीठांवरून फार फिरतो. दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षे आधी मरते, असे म्हटले जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४ च्या फेरीतून हा निष्कर्ष आला आणि २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात छापला गेल्यावर सर्वत्र पसरला. दलित स्त्रियांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ आणि उच्चजातीय स्त्रियांचे ५४.१ असे ते आकडे. पण मृत्यूसमयीचे सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे. ज्या समाजात जन्मदर जास्त व तरुण माणसे जास्त, त्यातील मृत्यूंतही लहानांचा वाटा जास्त येतो आणि सरासरी खाली ओढली जाते. अंतर आहे हे निःसंशय. उत्तरेकडील व पूर्वेकडील नऊ राज्यांच्या वार्षिक आरोग्य पाहणीवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दलितांचे आयुर्मान उच्चजातीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. जन्मामुळे माणसाच्या आयुष्यातील तीन वर्षे कापली जातात, हे वाक्य पुरेसे भयंकर आहे. त्याला साडेचौदाची फोडणी दिली की विरोधकाच्या हाती आयते हत्यार जाते.

गावपातळीवर उपकेंद्राच्या नर्सबाई, आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका ज्या वह्या ठेवतात (आता त्यांतील पुष्कळ वह्या मोबाईलमध्ये गेल्या आहेत), त्यांत गरोदर बाईची, मुलांच्या वजनाची, लसीची नोंद असते. आणि येथे अनुसूचित जाती, जमाती व इतर असा रकाना असतो. म्हणजे जात खाली लिहिली जाते. ती वर चढताना गळते. तालुक्याच्या बेरजेत, जिल्ह्याच्या बैठकीत, राज्याच्या पत्रकात वस्ती विरघळून जाते. ह्या वह्यांची माहिती माहितीच्या अधिकारात, नावे वगळून, गटनिहाय बेरीज म्हणून मागता येते. मात्र वहीतील रकाना भरलेला आहे म्हणून बाई वस्तीवर गेली होती असे समजू नये. ११ राज्यांतील ५६५ गावांचा अस्पृश्यतेविषयीचा अभ्यास २००६ साली ग्रंथरूपाने आला, त्यात महाराष्ट्रही होता. सुमारे एकतृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात शिरण्यास नकार देतात असे त्यात आढळले. जो उंबरा ओलांडला जात नाही, त्या घरातील बाळाचे वजन वहीत कसे येते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आणि जे घर गावात नसतेच, त्याचे काय? बीड, अहिल्यानगर, जालन्याकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयता उचलतात आणि उन्हाळ्यापर्यंत फडावर कोपीत राहतात. त्यांत दलित आहेत, वंजारी आहेत, भटके-विमुक्त आहेत. गावच्या वहीत 'स्थलांतरित' एवढाच शेरा पडतो. कारखान्याकडच्या वहीत ते गावचे नाहीत म्हणून नसतात. ह्या बायकांची गर्भाशये काढली जात होती, बायका आपसांत 'पिशवी काढली' असे सहज बोलत होत्या, आणि एकाही मासिक अहवालात त्याचा मागमूस नव्हता. पाळीत खाडा पडतो, खाड्याचा दंड होतो, म्हणून पिशवीच काढून टाकावयाची. २०१९ साली स्त्री संघटनांनी व वृत्तपत्रांनी आवाज उठविल्यावर शासनाला समिती नेमावी लागली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरी जवळजवळ सतरा. कुटुंब पाहणीच्या चौथ्या फेरीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतील हे प्रमाण शंभरी तीनच्या आसपास होते. बीडमधल्या चौकशीपूर्वीही ह्या स्त्रिया होत्या, शस्त्रक्रियांची बिले होती, दवाखाने होते. त्यांना एकत्र मोजण्याचा हुकूम तेवढा नव्हता.

मोजणारा कोण आहे ह्यावर संख्या कशी ठरते, ह्याचे ढळढळीत उदाहरण हाताने मैला साफ करणाऱ्यांचे आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत ग्रामीण भागातील घरांनी स्वतः दिलेल्या माहितीप्रमाणे देशात अशी १,८०,६५७ कुटुंबे होती आणि त्यांत महाराष्ट्र पहिला होता: ६३,७१३ कुटुंबे. पुढे २०१३ च्या बंदी कायद्यानंतर २०१३ व २०१८ साली झालेल्या दोन सर्वेक्षणांत सबंध देशात ५८,०९८ माणसे 'आढळली', महाराष्ट्रात ६,३२५. एकीकडे कुटुंबे, दुसरीकडे माणसे, आणि तरी संख्या एकदशांश! पहिल्या वेळी घराने सांगितले ते लिहून घेतले. दुसऱ्या वेळी काही ठरावीक जिल्हेच घेतले आणि नोंद मान्य करण्याचे काम स्थानिक यंत्रणेकडे दिले. ही प्रथा चालू आहे असे मान्य केले तर कायदा मोडल्याची जबाबदारी त्याच यंत्रणेवर येते. आरोपीच्याच सहीने गुन्हा नोंदवावयाचा असेल तर गुन्हे कमीच भरणार. गटारात उतरून मेलेल्यांची मोजणीही अशीच अडलेली होती. १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये भरपाई द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २७ मार्च २०१४ ला लागला, २०२३ साली ती रक्कम तीस लाख झाली. भरपाई मागण्यासाठी नावे जमवावी लागली, ती मुख्यतः सफाई कामगारांच्या संघटनांनी जमविली. मृत्यूच्या दाखल्यावर 'गुदमरून' एवढेच लिहिलेले असते. कोठे आणि कोणाच्या हुकमाने, ते नसते.

म्हणून आपल्या संघटनांनी स्वतःची मोजणी करावी, पण तिची मर्यादा ओळखून. दोनशे घरांच्या वस्तीचा मृत्युदर काढू नये. त्याला अर्थ नसतो. मृत्यूंची यादी करावी. वय, तारीख, आजार किती दिवस होता, कोठे नेले, वाहन मिळाले का, दवाखान्यात काय झाले, नोंद ग्रामपंचायतीत आहे का. ही यादी जन्म-मृत्यूच्या नोंदवहीशी व अंगणवाडीच्या वहीशी ताडून पाहावी. नमुना नोंदणी पद्धतीत जे निरीक्षक करतो तेच हे काम. वीस मृत्यूंपैकी सात कोणत्याच वहीत नाहीत, असे नावांशिवाय पण तारखांसह मांडता आले, तर त्या आकड्यापुढे जिल्ह्याची टक्केवारी उभी राहू शकत नाही. मेळघाट-गडचिरोलीकडे बालमृत्यूंच्या प्रश्नाला तोंड फुटले ते अशाच गावोगावच्या नोंदींतून. स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन केलेल्या मोजणीचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला, खात्याच्या आकड्यांहून कितीतरी अधिक मुले मरतात हे दिसले आणि शासनाला बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली.

आता पुढील जनगणना येत आहे. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने तिच्यात सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. १९३१ नंतर प्रथमच असे होणार. आपल्यापुढे ह्यात एक अवघड प्रश्न आहे आणि त्याची चर्चा मोकळेपणाने झाली पाहिजे. २०११ साली महाराष्ट्रात ६५,३१,२०० बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातीत धरले गेले ते सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांत काही अन्य समाजातून आलेले असतील. पण धर्म बौद्ध लिहून जात सांगण्यास नकार देणारे, आणि प्रगणकाने न विचारताच रकाना मोकळा सोडलेले, असेही त्यांत असणार. प्रगणकाला दिलेल्या सूचनांप्रमाणे 'दलित', 'हरिजन' असे शब्द चालत नाहीत. राज्याच्या यादीतील जातीचे नाव लागते. जे नाव १९५६ साली टाकून दिले तेच पुन्हा प्रगणकापुढे उच्चारावयाचे काय, असे अनेक बौद्ध बांधव विचारतात, आणि त्यांची वेदना खरी आहे. दुसरीकडे, ते नाव न लिहिल्यास त्यांच्या घरातील पंडुरोगी बाई आणि वाढ खुंटलेले मूल कोणत्या रकान्यात मोजले जाणार, ह्याचेही उत्तर द्यावे लागेल. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात यादीतील नाव, अशी दोन्ही उत्तरे कायद्याने १९९० पासून एकत्र देता येतात. प्रगणक दारात येण्यापूर्वी प्रत्येक विहारात ही गोष्ट समजावून सांगण्याचे काम शिक्षक व विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. पालांवर आणि कोप्यांवर तो येणारच नाही असे धरून चालावे व तेथील घरांची यादी आधीच करून तहसीलदाराच्या हाती, पोच घेऊन, द्यावी.